अंडी तपासायची बॅटरी, ३४९ रुपयांची: उबवणीची एक खेप वापरून झाल्यावर

पाकिटावर ‘एग कँडलर’ लिहिलंय. आमच्या घरात तिचं नाव ‘अंड्याची बॅटरी’ पडलं. अंगठ्याएवढी जाड, तोंडाला काळ्या रबराची वाटी, मागं बटण, मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होते. ऑनलाइन मागवली, चौथ्या दिवशी गावात आली.

घेतली ती गेल्या सालच्या धड्यामुळं. बारा अंडी बसवली होती. सतराव्या दिवशी एक नासकं अंडं कोंबडीखालीच फट्‌दिशी फुटलं. परसात उभं राहवेना असा वास. ती घाण बाकीच्या अंड्यांना लागली, मी पुसली, पण शेवटी पिल्लं निघाली चारच. नासकं अंडं वेळेत काढायचं तर आत बघता आलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

यंदा माघात आमची काळी खुडूक झाली. घरट्यातनं उठेना, हात नेला की अंग फुगवून कुर्रर करायची, पोटाची पिसं उपटून खाली टाकायची. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, “लगीच घाई करू नको, दोन दिस बघ.” दोन जुनी अंडी खाली ठेवून पाहिली, काळी हलली नाही. तिसऱ्या रात्री अंधार पडल्यावर तिला उचलून नव्या जागी बसवली. अंधारात कोंबडी गुमान राहते. पाटीच्या तळाला वाळू, वर भाताचा पेंढा, पेंढ्यात पिसवांसाठी कडुलिंबाचा पाला. आत्यांनी त्यात एक खिळा आणि कोळशाचा तुकडा खुपसला, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. माघात कसली वीज! पण मी तो काढला नाही.

अंडी अकरा, कारण आत्यांना जोडीचा आकडा चालत नाही. आठ घरची गावरान, तीन शेजारच्या गिरिराज जातीच्या कोंबड्यांची. सगळी आठवड्याच्या आतली, न धुतलेली, प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर. नंबर घालाच. दुसरी एखादी कोंबडी मधेच येऊन त्यात अंडं घालून जाते आणि मग कुठलं कधीचं ते कळत नाही.

सातव्या रात्री बॅटरी काढली आणि पहिलीच रड समोर आली. रबराची वाटी पोल्ट्रीच्या मोठ्या अंड्याच्या मापाची आहे. गावरान अंडं त्यात सैल बसतं, बाजूनं उजेड सांडतो आणि डोळ्यालाच चमकतो. धाकट्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल चकती कापली, मधे भोक पाडून वाटीत बसवली. मग काम झालं. विकणाऱ्यानं दोन मापांची रबरं दिली असती तर त्याचं काय जात होतं?

बल्ब मात्र झकास. कोंबडीच्या पोटाखाली तळहात उताणा सरकवायचा, एकच अंडं काढायचं, बोथट टोक वाटीवर टेकवायचं. दोन नंबरचं अंडं आधी लावलं. सगळं अंडं शेंदरी उजळलं. वर हवेची पोकळी, तिच्याखाली लाल शिरांचं जाळं, कोळ्यानं विणल्यासारखं, आणि मधोमध एक काळा ठिपका. तो ठिपका हलला. मी आत्यांना हाक मारली. त्या चष्मा शोधत आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, “ठेव आता, गारठंल ते.”

पाच नंबर कोरं निघालं, नुसता पिवळट उजेड, शीर नाही की काही नाही. तीन नंबरात शिरांऐवजी एक लाल कडं दिसलं. असं कडं म्हणजे जीव धरून मेलेला. दोन्ही बाजूला काढली. गिरिराजच्या अंड्यांनी दगा दिला. त्यांचं कवच तांबूस आणि जाड, त्यातनं उजेड नीट जात नाही. नऊ आणि अकरात धूसर काहीतरी दिसलं, दहात काहीच नाही. मी दहा नंबर उचलून उकिरड्याकडं निघाले होते. आत्यांनी हातातनं घेतलं. “दिसंना म्हंजी नाही, असं कुणी सांगितलं?” चौदाव्या रात्री त्याच अंड्यात निम्मी काळी सावली होती. तेव्हा गडद कवचाचं अंडं सातव्या दिवशी बघून टाकू नका. ही बॅटरी घेणाऱ्यानं हे आधी वाचावं, कारण सोबतच्या कागदावरची चित्रं सगळी पांढऱ्या अंड्यांची आहेत.

रोज बघायचा मोह होतो. करू नका. मी सातव्या आणि चौदाव्या रात्रीच बघितलं. काळी अंडी आपली आपण फिरवते, ऊब सांभाळते. सकाळी एकदा उठायची, पंधरा-वीस मिनिटं ज्वारी-मका टिपायची, परळातलं पाणी प्यायची, राखेत लोळायची, एक भलीमोठी घाण करायची आणि पळत परत. ती न उठली त्या दोन दिवशी मी उचलून बाहेर ठेवली, पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना ते चाचपून. उठलीच नाही तर उपाशी वाळते.

अठराव्या दिवसानंतर बॅटरीचा उपयोग नाही. आत सगळं काळं, फक्त पोकळीपाशी चोचीची सावली हलताना दिसली तर दिसते. तिथं आत्यांची परात. पितळी परातीत कोमट पाणी, त्यात अंडं सोडायचं. पाणी निवांत झालं की जिवंत पिल्लाचं अंडं आपोआप डुचमळतं. नऊपैकी आठ डुलली, एक थंड पडून राहिलं. कवचाला बारीक चीर गेली असेल तर मात्र पाण्यात अजिबात सोडायचं नाही, पिल्लू गुदमरतं.

एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली, दहा नंबर दुसऱ्या दिवशी दुपारी. ते न डुललेलं अंडं फोडलं, पूर्ण वाढलेलं पिल्लू आतच गेलं होतं. ते बॅटरीतही कळलं नव्हतं, चौदाव्या रात्री ठीकच वाटलं होतं. पिल्लं पहिला दिवस आईखालीच राहू दिली. पोटात बलक असतो, दाण्याची घाई नसते. मग कणी. सातव्या दिवशी मानमोडी (राणीखेत) रोगाची लासोटा लस, डोळ्यात एकेक थेंब.

पाचपैकी साडेतीन चांदण्या. एक रबरासाठी कापली, अर्धी त्या चित्रांसाठी. चार्ज अख्खी खेप पुरला. लहान वाटी वेगळी मिळते का म्हणून विचारलंय, अजून उत्तर नाही. ट्यूबवर चाललंय.