ॲडम्स घराण्याचं दप्तर: बापाची डायरी वाचाच, पण आईची घोडागाडी चुकवू नका

तर झालं असं की मला अमेरिकेचा इतिहास वगैरे काही वाचायचा नव्हता, कुणाचीतरी जुनी डायरी चाळायची होती फक्त, आणि त्या नादात मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या वेबसाइटवर ॲडम्स घराण्याचे कागद सापडले आणि पुढचा सव्वा महिना झोपेचं पार खोबरं झालं. म्हटलं रिव्ह्यू लिहूनच टाकू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. जॉन ॲडम्स अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष, त्यांचा मुलगा जॉन क्विन्सी सहावा, आणि नातू चार्ल्स फ्रान्सिस यादवी युद्धाच्या काळात अमेरिकेचा लंडनमधला वकील, म्हणजे राजदूत. या घरात चिठ्ठी फाडून फेकायची पद्धतच नव्हती बहुतेक. ॲबिगेल आजीबाई, म्हणजे जॉन ॲडम्सची बायको, नवऱ्याला सांगायच्या की माझी पत्रं जाळून टाका, आणि नवऱ्याने काय केलं, तर १७७६ मध्ये पत्रांच्या नकला उतरून ठेवायला कोरी वही विकत आणली आणि वर बायकोलाही तसंच कर म्हणून कळवलं! पुढे १९०५ मध्ये घरच्यांनी कागदांचा ट्रस्ट केला, १९५६ ला सगळं सोसायटीच्या हवाली केलं, मायक्रोफिल्मची रिळं भरली ६०८. आता त्यातलं बरंच काही फोनवर उघडतं, फुकट.

मुख्य आकर्षण अर्थातच जॉन क्विन्सीची डायरी. ५१ वह्या, १४ हजारांहून जास्त पानं. सुरुवात नोव्हेंबर १७७९, तेव्हा हा बारा वर्षांचा, बापाबरोबर युरोपला निघालेला, जहाजाला गळती लागली म्हणून फ्रान्सऐवजी स्पेनमध्येच उतरावं लागलं आणि तिथून पॅरिसपर्यंत सगळी वरात जमिनीवरून. आणि शेवट १८४८ मध्ये, मरणाच्या थोडंसं आधी. मूळ पानांचे फोटो बघायला मिळतात हे मला सगळ्यात आवडलं, म्हणजे अक्षर कसं बदलत गेलं ते दिसतं. १८४६ ला पक्षाघाताचा झटका आला, काही महिने वही बंद, आणि १८४७ मध्ये परत लिहायला बसला तेव्हा म्हणतो की त्या दिवसापासून मी मेलोच असं धरा, इथून पुढचं हे मरणोत्तर लेखन समजा. हे लिहिलं आणि परत संसदेत जाऊन बसला! तिथेच २१ फेब्रुवारी १८४८ ला कोसळला आणि दोन दिवसांनी गेला.

आता वापरायचं कसं ते सांगते, कारण पहिल्या आठवड्यात मी चुकीच्या टोकाने घुसले होते. मूळ पानांचा फोटो उघडून त्यात शब्द शोधायला जाऊ नका, हस्ताक्षराच्या फोटोत ते होत नाही, तारीख धरूनच जावं लागतं. अक्षर सुरुवातीला कीस पाडतं, चार-पाच दिवसांनी डोळा बसतो. मजकूर टाइप केलेला असेल तिथे तो बाजूला उघडून ठेवा. अजून एक, हा माणूस एकाच दिवसाची नोंद कधी लांबलचक करतो तर कधी दुसऱ्या वहीत एका ओळीत उरकतो. आधी ती एक ओळ वाचायची, मग मोठी नोंद. सोसायटीने २००९ मध्ये या एकओळी नोंदी ट्विटरवर टाकायला घेतल्या होत्या, बरोबर दोनशे वर्षांच्या फरकाने, ५ ऑगस्टपासून, आणि ती तारीख उगाच निवडलेली नाही.

कारण ५ ऑगस्ट १८०९ ला हा रशियाला वकील म्हणून निघाला. त्या दिवसाची मोठी नोंद उघडा. दुपारी बाराला घर सोडलं, बॉस्टनमध्ये कुठल्या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचं घर, बरोबर बायको, धाकटा चार्ल्स, मेहुणी. सगळं कसं टापटीप. (त्यातला एक रस्ता बॉयल्स्टन स्ट्रीट, आणि हे कागद आज ठेवलेत तेही बॉयल्स्टन स्ट्रीटवरच. मला उगाचच गंमत वाटली.) मग लुईसाचं वाचा, म्हणजे बायकोचं. मोठी दोन मुलं, जॉर्ज आणि जॉन, मागे ठेवून जायचं हे तिला न विचारताच ठरलेलं होतं, आणि तीस वर्षांनी १८४० मध्ये आठवणी लिहायला बसली तरी तो राग जसाच्या तसा. त्या आठवणींना तिने नाव काय दिलं माहितीये, एका नगण्य बाईची साहसं! नवऱ्याच्या नोंदीत सामान जहाजावर चढतं, हिच्या लिहिण्यात पोरं धक्क्यामागे राहतात. दोन्ही खरंच, पण नुसती नवऱ्याची बाजू वाचली असती तर मी तो दिवस एकदम सुरळीत गेला असंच समजले असते.

आणि ती घोडागाडी. १८१५ च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, ही बाई सात वर्षांच्या चार्ल्सला घेऊन सेंट पीटर्सबर्गहून पॅरिसला निघाली, नवरा आधीच तिकडे. चाळीस दिवस. वाटेत कळतं की नेपोलियन परत आलाय, आणि फ्रान्समध्ये त्याला सामील व्हायला निघालेल्या सैन्याच्या गराड्यात हिची गाडी सापडते, गाडी रशियन दिसते म्हणून लोक ओरडतात की ओढा बाहेर, मारा. हिने पासपोर्ट दाखवले, अमेरिकन आहे हे कळल्यावर लोक जयजयकार करायला लागले, तर हिने रुमाल हलवून नेपोलियनचाही जयजयकार करून टाकला. फ्रेंच अस्खलित, लहानपण फ्रान्समध्ये गेलेलं. शेजारी पोरगं भीतीने दगड होऊन बसलेलं. नवऱ्याला भेटल्यावर तो हकिकत ऐकून थक्क झाला म्हणे, होणारच! मात्र हे तिने १८३६ मध्ये लिहिलंय, एकवीस वर्षांनी, तेव्हा तारखा-बिरखा नवऱ्याच्या डायरीशी ताडून बघा, मी बघत बसले होते.

ते दगड झालेलं पोरगं म्हणजेच चार्ल्स फ्रान्सिस. वडिलांच्या मृत्युपत्रातल्या इच्छेप्रमाणे त्याने क्विन्सी गावातल्या घरच्या वाड्याशेजारी आगीपासून सुरक्षित असं दगडी ग्रंथालय बांधलं, १८७० मध्ये, आणि १८७४ ते १८७७ मध्ये वडिलांची डायरी बारा खंडांत छापली. पण घरगुती बारीकसारीक वगळून! आईचा प्रवास छापून आला तो थेट १९०३ मध्ये, नातवाने दिला तेव्हा. म्हणून माझं मत असं की ते जुने बारा खंड कुठे स्कॅन केलेले मिळाले तरी त्यावर भागवू नका, राजकारण त्यात भरपूर आहे, गुलामगिरीविरोधी अर्जांवर संसदेत घातलेल्या बंदीशी हा म्हातारा १८३६ पासून १८४४ पर्यंत कसा भांडला ते सगळं आहे, पण घर नाही. घर मूळ पानांत आहे.

साडेचार तारे. अर्धा कापला तो वेबसाइटचा नाही, जॉन क्विन्सीचा, कारण हवामान आणि आज किती वाजता उठलो हे तो इतक्या नेमाने लिहितो की काही महिने नुसते सरकवावे लागतात.

मी सध्या एप्रिल १८२९ वर आहे. नुकतीच अध्यक्षपदाची मुदत संपलीये, आणि मागे ठेवलेला तो जॉर्ज, आता अठ्ठावीस वर्षांचा, त्याला महिनाअखेरीला बोटीवर चढायचंय आणि तो परत येणार नाही हे मला माहितीये, वहीला अजून नाही. रोज एकच पान वाचतेय.