चाळणी चाचणी, शिकवून मोजणं की पूर्ण मूल्यमापन: मुलासाठी काय निवडावं?

शाळेने ‘असेसमेंट करून घ्या’ असं सुचवलं की बहुतेक पालक आधी आयक्यू टेस्टची चौकशी करतात. प्रत्यक्षात त्या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं येतात: अर्ध्या तासाची चाळणी चाचणी, काही आठवडे ठरवून शिकवून प्रगती मोजणं, आणि मानसशास्त्रज्ञाने दोन-तीन बैठकांत केलेलं पूर्ण मूल्यमापन. अहवालाच्या आधारे कोणता निर्णय घ्यायचा आहे, हे ठरलं की निवड सोपी होते.

तिन्हींच्या आधी कान आणि डोळे तपासून घ्या. भिंतीवरचा तक्ता मुलाने खडाखडा वाचला तरी जवळचं बघण्यातला दोष सुटू शकतो, म्हणून जवळची नजरही तपासायला सांगा. सतत सर्दी असणाऱ्या मुलाच्या कानात पडद्यामागे पाणी साचलं की ऐकू कमी येतं, आणि ते कमी-जास्त होत राहत असल्याने घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

चाळणी चाचणी

यात मूल अक्षरांची किंवा चित्रांची नावं भराभर सांगतं, ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं ते सांगतं, थोडे शब्द वाचतं. प्रशिक्षण घेतलेले शिक्षकही ती घेऊ शकतात. पहिली-दुसरीच्या अख्ख्या वर्गातून कुणाकडे लक्ष द्यायचं, हे कळण्यासाठी ती चांगली. निदान मात्र तिच्यावरून होत नाही. हिशोबच मांडून पाहा. समजा १०० मुलांपैकी १० जणांना खरी अडचण आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक आहे. ती १० पैकी ८ जणांना पकडेल, पण उरलेल्या ९० पैकी १८ जणांनाही उगाच बाजूला काढेल. म्हणजे ‘शक्यता आहे’ असा शेरा मिळालेल्या २६ मुलांत खरी अडचण आठांनाच, आणि दोघं निसटलेली. इंटरनेटवरच्या फुकट चाचण्यांची तर अचूकताही बऱ्याचदा कुणी मोजलेली नसते.

शिकवून मोजणं

आठ ते बारा आठवडे, आठवड्यातून तीन-चार वेळा, वीस-तीस मिनिटं, एकट्याला किंवा तिघा-चौघांच्या गटात. शिकवायचं तेही नेमकं: अमुक जोडाक्षरं, अमुक मात्रा, हातच्याची वजाबाकी. दर आठवड्याला एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द मोजून आलेखावर टाकायचे. उतारा दर वेळी नवा पण तितकाच अवघड हवा. तोच पुन्हा दिला तर पाठांतर मोजलं जातं. तीन उतारे वाचून घेऊन मधला आकडा धरला की एखाद्या वाईट दिवसाचा परिणाम कमी होतो.

शाळा बदलली, माध्यम बदललं, आजारपणात महिने बुडाले, अशी मुलं इथेच वर येतात आणि पुढच्या चाचण्यांची गरज उरत नाही. जी येत नाहीत त्यांचेही हे आठवडे वाया जात नाहीत. २०१३ च्या डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी नियमावली) नुसार अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या टिकून राहणाऱ्या अडचणीच्या, निदानासाठी नेमकी मदत देऊनही अडचण किमान ६ महिने टिकलेली असावी लागते; हा आलेख त्या पुराव्याचा भाग ठरतो. तिसरीच्या आतलं मूल आणि तक्रार फक्त वाचनाची असेल, तर सुरुवात इथूनच करावी असं आमचं स्पष्ट मत आहे. अट एकच: ‘अजून थोडं थांबू’ म्हणत वर्ष काढू नये. मूल पुढे का सरकत नाही, हे आलेख सांगत नाही.

पूर्ण मूल्यमापन

जन्मापासूनची माहिती, बुद्धीची चाचणी, वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, आणि लक्ष, वर्तन, भावना यांविषयी घर व शाळा दोन्हींकडून प्रश्नावल्या. यातलं काही गाळून फक्त आयक्यू देणारा अहवाल घेऊ नका.

बुद्धीसाठी वेक्सलरची विस्क (WISC) ही चाचणी जास्त वापरली जाते. पाचवी आवृत्ती २०१४ ची, ६ ते १६ वयाच्या मुलांसाठी, पाच निर्देशांकांची, म्हणजे वेगवेगळ्या क्षमतांच्या पाच वेगळ्या गुणांची. सरासरी १००, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १५. ८५ गुण म्हणजे १६वा पर्सेंटाइल, म्हणजे त्याच वयाच्या १०० पैकी साधारण १६ मुलं त्याच्या खाली. त्याला १६ टक्के मार्क समजून घाबरणारे पालक पुष्कळ. निर्देशांकांमध्ये २०-२५ गुणांची दरी असेल तर एकूण आयक्यूचा एकच आकडा फारसं काही सांगत नाही.

आकडा कसा आला तेही विचारा. कोडिंग या भागात १२० सेकंदांत अंकांसमोर (लहान मुलांना आकृत्यांमध्ये) ठरलेली चिन्हं भरायची असतात. ज्याला पेन्सिल धरतानाच त्रास होतो त्याचे इथे गुण घसरतात आणि अहवालात ‘विचारप्रक्रिया मंद’ असं उमटतं. डावखुऱ्या मुलाच्या हाताखाली नमुना झाकला जात असेल तर शेजारी दुसरी पुस्तिका ठेवायची असते.

वाचनाची चाचणी तीन अंगांनी हवी: ओळखीचे शब्द, ‘टमुक’, ‘लगिसा’ यांसारखे अर्थहीन शब्द, आणि वेळ लावून वाचन. अर्थहीन शब्द अंदाजाने वाचता येत नाहीत, त्यामुळे आठवणीवर निभावणारं मूल तिथे अडखळतं. देवनागरीत मोठी मुलं बऱ्याचदा बरोबर पण फार हळू वाचतात. फक्त चुका मोजल्या तर ती सुटतात. घरी आणि वर्गात एक भाषा आणि चाचणी दुसरीत, असं झालं तर शब्दांवर आधारलेले गुण खाली येतात आणि दोष मुलाच्या माथी बसतो.

‘आयक्यू ९० च आहे, म्हणून डिस्लेक्सिया (वाचनाची अध्ययन अक्षमता) नाही’ असं कुणी म्हणालं तर हटकावं. आयक्यू आणि वाचन यांत मोठी तफावत हवी, ही जुनी अट डीएसएम-५ मध्ये नाही. आयक्यूपुरतं पाहिलं तर बौद्धिक अक्षमता नसणं पुरेसं आहे.

परीक्षेत सवलत हवी असेल, शिकवून फरक पडला नसेल, किंवा वाचन, लक्ष आणि चिंता यांचा गुंता असेल, तर थेट पूर्ण मूल्यमापन करा. आधी येत असलेलं मूल एकाएकी विसरायला लागलं, मध्येच हरवल्यासारखं होत असेल, तर मात्र पहिली भेट बालरोगतज्ज्ञांची.

जाताना चांगल्या अक्षरातल्या निवडक वह्या नेऊ नका, खाडाखोड असलेल्या रोजच्या न्या. चष्मा लावून, झोप झालेली असताना, सकाळची वेळ घ्या. आधी सराव करून घेतला किंवा वर्षाच्या आत तीच चाचणी पुन्हा दिली, तर गुण फुगतात. अहवालात ‘अधिक लक्ष द्यावे’ एवढंच असेल तर तो परत दाखवून किती वेळ, कोणत्या कौशल्यावर, कोण शिकवणार आणि पुन्हा कधी मोजणार, हे लिहून मागा. पुढच्या खेपेला सगळं नव्याने करायची गरज सहसा पडत नाही. वाचन, लेखन आणि गणित एवढा भाग पुन्हा मोजला तरी बहुतेकदा काम होतं.