फ्रँचायझीचे १४ महिने : माहितीपत्रकातला आकडा आणि माझ्या वहीतला

फ्रँचायझी घेऊ का, असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, किती लागतील म्हणून सांगितलंय? बहुतेक जण फक्त फ्रँचायझी फी सांगतात, म्हणजे कंपनीच्या नावाने दुकान चालवायला सुरुवातीला तिला द्यायची रक्कम. मीही तोच आकडा धरून बसलो होतो. माझ्या एकूण खर्चात ती फी पाचवा हिस्साही नव्हती.

जागेचं डिपॉझिट, कंपनीने ठरवलेल्याच पुरवठादाराकडून फर्निचर आणि मशिनरी (बाहेर स्वस्त मिळाली तरी चालत नाही), पहिला माल, विमा, परवाने. प्रशिक्षण फुकट होतं. प्रवास, मुक्काम माझा. दुकान तयार करण्याचं काम लांबलं, तेवढे महिने बंद शटरचं भाडं भरलं आणि आधीच नेमलेल्या मुलांचे पगारही दिले.

खरा धडा रॉयल्टीने दिला, म्हणजे दुकान चालू असेपर्यंत कंपनीला देत राहायच्या हिश्शाने. ती नफ्यावर नसते, विक्रीवर असते. माझ्या करारात रॉयल्टी ६ टक्के आणि जाहिरात निधी २ टक्के. ऐकताना किरकोळ वाटतं. आता हिशेब बघा: विक्री १०० धरा. माल ४०, पगार २५, भाडं १५, वीज-सॉफ्टवेअर वगैरे ८. उरले १२, त्यातले ८ कंपनीचे. माझे ४, आणि कर्जाचा हप्ता त्यातूनच. मंदीच्या महिन्यात विक्री ८० वर आली. माल ३२ वर उतरला, पण पगार, भाडं, वीज जिथल्या तिथे, ४८. हातात शून्य. तरी कंपनीचे ६.४ द्यायचेच होते. ते घरातून गेले.

म्हणून खेळतं भांडवल हवं, म्हणजे रोजचा खर्च भागवायला हाताशी ठेवलेले पैसे. मी तीन महिन्यांचं ठेवलं होतं, दुकान स्वतःच्या पायावर उभं राहायला नऊ लागले.

कंपनी वाईट नाही, हेही सांगतो. कामाची पद्धत पक्की आहे, अडलं की फोन उचलतात, नावामुळे पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक आलं. फसवणूक कुठेच नव्हती, सगळं करारात लिहिलेलं होतं. वाचताना माझाच उत्साह आडवा आला. सही करण्याआधी मी चालू दुकानदारांना भेटलो, पण ज्यांनी दुकान बंद केलं त्यांना शोधायला हवं होतं.

वकिलाला करार दाखवला तो सही केल्यावर, हा शहाणपणा. त्याने दोन कलमं दाखवली: मध्येच सोडलं तरी उरलेल्या मुदतीची रॉयल्टी मागता येते, आणि पाच वर्षांनी नूतनीकरण करताना दुकान नव्या डिझाइनप्रमाणे माझ्या खर्चाने बदलायचं. त्या दुसऱ्या कलमासाठी गेल्या महिन्यापासून वेगळं खातं उघडलंय.