टाळाटाळीवर उतारा: टायमर की ‘जर-तर’?

प्राप्तिकर विवरणपत्र आपण आज-उद्या करत ढकलतो. काम अवघड नसतं, नकोसं असतं. मुदत उलटली की ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क, हे ठाऊक असूनही!

फ्रान्सेस्को चिरिलो यांची पोमोदोरो पद्धत सोपी: टायमर लावून २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. पण टायमर लावायलाच हात उचलत नसेल तर? तिथे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांची ‘जर-तर’ योजना मला उजवी वाटते. ‘रविवारी बघू’ असं मोघम नाही. ‘रविवारी चहाचा कप विसळला की लगेच फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला) उघडेन.’ वेळ आणि पहिली कृती आधीच पक्की, त्यामुळे मनाशी घासाघीस उरत नाही.

बसल्यावर मात्र बचत खात्यांचं व्याज जुळवताना मोबाइल खुणावतोच. तेव्हा खुशाल टायमर लावा.