हात लागून झिजणाऱ्या पितळेसाठी रेनेसान्स वॅक्स: गोव्याच्या हवेत कितपत टिकतं?

देवळात शिरताना कासवाला हात लावून मगच पुढे जायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. कासव पितळेचं असेल तर पाठ लख्ख आणि कडा काळ्या, असं दिसतं. जगभर हेच चालतं. व्हेरोनातला ज्युलिएटचा ब्राँझचा पुतळा तर नशिबासाठी हात लावणाऱ्यांमुळे तडकला आणि २०१४ मध्ये तिथे प्रतिकृती बसवावी लागली.

हात फिरतो तिथला काळपट संरक्षक थर निघतो, उघड्या धातूला घामातलं मीठ लागतं. गोव्यात त्यात खारी हवा आणि चार महिन्यांची दमट भर. रेनेसान्स वॅक्स हे नेमकं इथे कामाला येतं. १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत हे मेण तयार झालं. ते आम्लयुक्त नाही, बोटांचे ठसे उमटू देत नाही आणि पातळ लावलं तर दिसतही नाही.

लावायचं मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी. सौम्य साबणाचे दोन थेंब घातलेल्या पाण्याने पुसा, साध्या पाण्याने पुन्हा पुसा, मग मूर्ती तासभर उन्हात ठेवा. खाचांत ओल राहिली तर ती मेणाखाली कोंडते आणि धातू आतून खराब होतो. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. सुती फडक्यावर वाटाण्याएवढं मेण घेऊन तळहाताएवढ्याच भागावर चोळा आणि लगेच कोरड्या फडक्याने घासा, कारण त्यातला द्रावक भराभर उडतो. जाड थर पांढुरका दिसतो, धूळ धरतो. मेणाचा दुसरा हात दुसऱ्या दिवशी. द्रावक पेट घेतो, तेव्हा समई विझवूनच डबा उघडा.

६५ मिलीचा डबा घरच्या मूर्तींना कित्येक वर्षं पुरावा. आयात माल असल्याने महाग पडतो, तरी घरासाठी आम्ही तो जरूर सुचवू. दिवसभर शेकडो हात लागतात तिथे मात्र थर लवकर झिजतो, पुन्हा पुन्हा लावावा लागतो. रोज अभिषेक होणाऱ्या किंवा चिंच-मिठाने घासायच्या मूर्तीवर लावूच नका, फुकट जाईल. आणि फिकट हिरवी, भुरभुरणारी पूड दिसली तर मेणाने ती झाकू नका: तो क्लोराइडचा, म्हणजे मिठातल्या घटकामुळे धातूला लागणारा रोग आहे, मेणाखालीही धातू खात राहतो. आधी धातूसंवर्धन जाणणाऱ्याला दाखवा.