निजो किल्ल्यातला रात्रीचा साकुरा शो: क्योटोला जाणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलांच्या सीझनला जपानमधल्या क्योटोला जाणार असाल तर एक संध्याकाळ निजो किल्ल्यासाठी काढाच, हे आधीच सांगून टाकते. गेली काही वर्षं वसंतात, साधारण मार्चच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, किल्ल्याच्या आवारात रात्री लाइट, प्रोजेक्शन आणि म्युझिकचा शो असतो. थीम हानामीची, म्हणजे जपानी लोक फुललेला साकुरा बघायला झाडाखाली जमतात ना तेच, फक्त इथे सतरंजी टाकून बसायचं नाही, अंधारात रमतगमत फिरायचं. तिकीट वेगळं काढावं लागतं, दिवसाच्या तिकिटावर चालत नाही.

सगळ्यात भारी कारामोन दरवाजा. जुन्या वास्तूवर प्रोजेक्शन म्हटलं की मला जरा धास्तीच असते, कारण बऱ्याच ठिकाणी भिंतीचा नुसता पडदा करून टाकतात आणि खाली काय आहे ते दिसतच नाही, पण इथे उजेड कोरीवकामाच्या कडेकडेने सरकतो, सारसाच्या पंखामागे सावली पडते, मग सोनेरी पत्र्यावर चमक येते आणि मग कुठे पाकळ्या उडायला लागतात. मी पूर्ण लूप बघितला आणि जागची न हलता परत बघितला.

दुसरी आवडलेली गोष्ट एकदम छोटी आहे. देवळाबाहेर हात धुवायला दगडी कुंडी असते तसं काहीतरी केलंय, पाणी नाही, हात पुढे धरला की तळहातावर उजेडाचं फूल उमलतं. लाइनीत माझ्या पुढे उभ्या असलेल्या मुलाने ते पकडायला झटकन मूठ मिटली तर फूल त्याच्या बोटांच्या पेरांवर येऊन बसलं, तो परत परत तेच करत राहिला आणि मागची अख्खी लाइन हसत थांबली.

आता झाडं. इथे जवळपास 50 जातींची 300 च्या आसपास साकुराची झाडं आहेत आणि माझ्या मते खरा शो तोच आहे. जपानभर साकुराचा जो सोमेई योशिनो प्रकार दिसतो तो सगळा एकाच झाडाच्या कलमांचा, म्हणून एका भागातली झाडं एकदमच फुलतात आणि आठवडाभरात खेळ खलास, पण निजोमध्ये उशिरा फुलणारे, भरगच्च पाकळ्यांचे प्रकारही असल्यामुळे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेलात तरी हिरमोड होत नाही.

एकच तक्रार आहे आणि ती मनापासून आहे. काही झाडांवर जांभळा-गुलाबी लाइट मारलाय, त्यात फुलाचा स्वतःचा रंग पार बुडतो, मुळात गुलाबी असलेल्या झाडावर अजून गुलाबी कशाला? जिथे साधा पांढरा उजेड आहे, खास करून खाली लोंबणाऱ्या फांद्यांच्या शिदारेझाकुरापाशी, तिथे पाकळीची शीरसुद्धा दिसते, आणि लोकही तिथेच जास्त वेळ रेंगाळत होते.

जागेबद्दल एक सांगायलाच हवं. किल्ला तोकुगावा इएयासू या शोगुनने, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाने, 1603 मध्ये बांधला, आणि त्यासाठी शेजारच्या शिनसेन-एन नावाच्या शाही बागेचा बराच भाग गिळला. त्याच बागेत सम्राट सागाने 812 मध्ये फुलं बघायची मेजवानी दिली होती, दरबारी हानामीची ती सगळ्यात जुनी नोंद मानतात. म्हणजे हा शो इथे उगाच आणून ठेवलेला नाही, या जमिनीवर ही हौस बाराशे वर्षांपासूनची आहे! उरलेली छोटी बाग किल्ल्याच्या दक्षिणेला अगदी चालत जाण्याच्या अंतरावर आहे, दिवसा बघून घ्या.

जाणाऱ्यांसाठी: मेट्रोच्या तोझाई लाइनने निजोजो-माए स्टेशनला उतरा, किल्ला समोरच. वाटेत सगळी खडी आहे, उंच टाचांच्या चपला नकोत, बाबागाडी ढकलताना दमछाक होते. एप्रिलमध्येही रात्री चांगलाच गारठा असतो, जॅकेट घ्या. वीकेंड टाळा. आणि किल्ल्यातला निनोमारू राजवाडा, चालताना पक्ष्यासारखी चिवचिवणारी ती लाकडी जमीन, हे बघायचं असेल तर दिवसाचं तिकीट वेगळं काढून सकाळी लवकर जा, आत फोटो काढू देत नाहीत.