राजकोटचं आल्फ्रेड हायस्कूल (आताचं महात्मा गांधी म्युझियम) – ४/५

सोमनाथ-द्वारका करणारी आपली मंडळी राजकोटला उतरतात ती फक्त गाडी बदलायला, फार तर पेढे घेतात आणि पुढे सुटतात. तसं करू नका, अर्धा दिवस काढा आणि गांधीजी शिकले ती ही शाळा बघा. शाळा म्हणजे आता म्युझियम आहे, पण मी तरी शाळा म्हणूनच बघितली आणि तीच मजा आहे.

आधी एक टिप. रिक्षावाल्याला "गांधीजींची शाळा" असं सांगू नका, आमच्यावाल्याने सरळ राष्ट्रीय शाळेच्या दारात नेऊन सोडलं. ती वेगळी, असहकाराच्या काळातली, तिचाही गांधींशी संबंध आहे म्हणून त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नाही. "आल्फ्रेड हायस्कूल, जुबिली बागेजवळ" म्हणायचं. स्वातंत्र्यानंतर शाळेला मोहनदास गांधी यांचं नाव दिलं तरी लोकांच्या तोंडी अजून आल्फ्रेडच आहे.

हा आल्फ्रेड म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा मुलगा. शाळा सुरू झाली १८५३ ला, आणि ही दगडी इमारत झाली १८७५ ला, पैसे दिले जुनागढच्या नवाबाने. म्हणजे खर्च एकाचा आणि पाटी दुसऱ्याची, आपल्याकडे आजही असंच चालतं म्हणा. इमारत मात्र नाद करायचा नाही अशी! टोकदार कमान्या, दगडी काम, समोरून बघितलं तर आपल्या मुंबईच्या फोर्टमधल्या जुन्या इमारतींची आठवण येते. अर्थात तेव्हा काठियावाड एजन्सी (इथल्या संस्थानांवर देखरेख करणारी इंग्रजांची यंत्रणा) मुंबई सरकारच्याच हाताखाली होती, आणि इथली पोरं मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठाची द्यायची. गांधी १८८७ ला ती पास झाले, ६२५ पैकी २४७.५ मार्क, म्हणजे ४० टक्क्यांच्या आतबाहेर. बरोबर दहावीतलं पोरगं असेल तर हे जरा हळू आवाजात सांगा 😄

आत जायच्या आधी गांधींच्या आत्मकथेतली शाळेची प्रकरणं वाचून जा, अगदी मस्ट. इन्स्पेक्टर जाइल्ससाहेब आले, स्पेलिंगला पाच शब्द घातले, त्यातला 'केटल' गांधींचा चुकला आणि मास्तर बुटाच्या टोकाने खुणावतायत की शेजारच्याच्या पाटीवरचं बघ, हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्यापेक्षा दुसरा किस्सा आवडतो. हेडमास्तर दोराबजी एदलजी गिमी यांनी जिमनॅस्टिक आणि क्रिकेट वरच्या वर्गांना सक्तीचं केलेलं. शनिवारी शाळा सकाळची, जिमनॅस्टिकला संध्याकाळी ४ ला परत यायचं, मोहनदासकडे घड्याळ नाही, आभाळ भरून आलेलं त्यामुळे वेळच कळली नाही, पोचला तेव्हा सगळे घरी गेलेले. दुसऱ्या दिवशी खरं कारण सांगितलं तर हेडमास्तरांना पटलं नाही, झाला आणा-दोन आण्याचा दंड. दंडापेक्षा आपल्याला खोटारडं ठरवलं याचं पोराला रडू आलं. हे डोक्यात ठेवून त्या कमानींखालून चाला, मग बघा इमारत किती बोलते ते.

आत काय आहे, तर वर्गांच्या गॅलऱ्या केल्यात आणि गांधींचं आयुष्य सगळं स्क्रीन, प्रोजेक्शन, फिल्म वगैरेतून सांगितलंय. मुलांना भारी वाटतं, आमची तर हलायला तयार नव्हती. ज्यांना खऱ्या जुन्या वस्तू, घर, अंगण असं बघायचंय त्यांनी इथून 'कबा गांधी नो डेलो'ला जावं, ते गांधींचं राजकोटचं घर, तेही गावातच आहे.

आता एक मार्क का कापला ते. २०१७ पर्यंत इथे खरोखर वर्ग भरत होते हो! गुजराती माध्यमाची साधी शाळा, शेवटी पट सव्वाशेच्या आसपास राहिला, निकालही यथातथाच, मग मुलांना दाखले देऊन शाळा बंद केली आणि ३० सप्टेंबर २०१८ ला म्युझियमचं उद्घाटन झालं. इमारत सांभाळली गेली हे चांगलंच झालं, त्यात वाद नाही. पण १६४ वर्षं चाललेली शाळा पट घसरला म्हणून मिटते आणि आपण तिकीट काढून ती बघायला जातो, हे माझ्या काही पचनी पडत नाही. आपल्या गावातल्या मराठी शाळांचं काय चाललंय ते बघतोच आहोत, त्यामुळे जास्तच लागलं असेल. मला विचाराल तर निदान एका खोलीत तरी बाकं मांडून रोज पोरांचा वर्ग भरायला हवा होता.

सोमवारी बंद असतं, त्यामुळे सोमनाथचा प्लॅन त्या हिशोबाने करा. आणि दुपारी उशिरा जा, म्हणजे आतलं बघून होईपर्यंत संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो लागतो, तो सोडू नका.